कोथिंबिरीपुरती भाषा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. गाडीत बसायला मिळालं तर भाईंदर ते अंधेरी वाचून होईल. उभे असाल तर सेव्ह करून ठेवा.

परवा भाईंदर पश्चिमेच्या भाजीबाजारात एक बहिरा माणूस कोथिंबीर घेत होता. त्याने जुडी उचलली आणि भुवया वर केल्या. भाजीवाल्या मावशींनी दोन बोटं दाखवून मूठ मिटली. वीस. त्याने जुडीच्या मुळांना लागलेला चिखल दाखवला, नाक मुरडलं आणि एक बोट दाखवून मग पंजा उघडला. पंधरा. मावशींनी कपाळावर हात मारला, आभाळाकडे बघितलं, पिशवीत दोन मिरच्या टाकल्या आणि वीसच घेतले. दोघंही हसले. शेजारी उभ्या असलेल्या एक ताई मला कौतुकाने म्हणाल्या, "बघा ना, काही अडत नाही यांचं. इशाऱ्याने सगळं होतं."

त्या ताईंना मी काही बोललो नाही. कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही अगदी हेच म्हणत होतो, आणि त्यापायी एका मित्राची तब्येत बिघडवून बसलो होतो. ते पुढे सांगतो.

माझा डावा पाय पोलिओचा. एकोणीस वर्षं अपंगांच्या डब्यातून चर्चगेटला ये-जा करतोय. (आता दिव्यांग म्हणायचं. डब्यात अजून सगळे अपंगच म्हणतात.) ज्यांनी तो डबा आतून बघितलेला नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे दोन प्रकारची गर्दी असते. एक आमच्यासारखी, कुबड्या, काठ्या, कॅन्सरचे पेशंट, गरोदर बायका. आणि दुसरी बहिऱ्या मंडळींची, जी दाराजवळ उभी असते आणि सगळ्या डब्यात जास्त गप्पा मारते. गाडीचा खडखडाट, भजनी मंडळ, फोनवर ओरडणारे, कशाचाच त्यांना त्रास नाही. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी आमच्या डोक्यांवरून आरामात बोलतो. दादरला समोरच्या फलाटावर उभ्या असलेल्या मित्राला खिडकीतून आख्खी हकीकत सांगून होते, आणि गाडी सुटली तरी शेवटचं वाक्य पूर्ण होतं. आपल्याला हे जमेल का?

सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, हातवारे करतायत. मग हळूहळू लक्षात आलं की इथे नोकऱ्यांच्या खबरा फिरतात, लग्नं जुळतात, मालकाला शिव्या पडतात, क्रिकेटवरून भांडणं होतात. कुणी आपलं स्टेशन आलं तरी उतरत नाही, गोष्ट अर्धी आहे म्हणून पुढे जातो आणि परत येतो. ॲनेलीस कुस्टर्स नावाच्या बेल्जियमच्या अभ्यासक आहेत, स्वतः बहिऱ्या. त्यांनी आपल्या लोकलच्या याच डब्याचा अभ्यास करून २००९ मध्ये लेख लिहिला. ज्या डब्याकडे आपण कीव करून बघतो तो बहिऱ्या मुंबईकरांचा कट्टा आहे, हे त्या परदेशी बाईंनी जगाला सांगितलं. आपण रोज त्याच गाडीत होतो.

याच कुस्टर्सबाईंनी २०१५ मध्ये 'इशारे' नावाचा माहितीपट केला. मुंबईतली सहा बहिरी माणसं, त्यातलं एक तर बहिरं आणि आंधळंही, दुकानदार, फेरीवाले, वेटर, कंडक्टर यांच्याशी कशी बोलतात हे त्यात आहे. मी तो बघितला तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात स्वच्छ झाली. बहिरी माणसं आपसात जे बोलतात ते वेगळं आणि आपल्याशी जे बोलतात ते वेगळं. आपसातली त्यांची भाषा आहे. आपल्याशी होतो तो इशारा, म्हणजे दोघांनी अर्ध्या वाटेवर येऊन केलेली तडजोड. त्या डब्यात ते माझ्याकडे वळले की त्यांच्या हातांचा वेग निम्म्यावर येतो. आपण परप्रांतीयाशी मोडकंतोडकं हिंदी बोलतो ना, तसं.

आता या तडजोडीला मी कमी लेखत नाही. उलट आपण सगळेच त्यात पारंगत आहोत. जेवलास का, पैसे दे, संपलं, उद्या ये, डोकं फिरलंय, मारीन हं, हे सगळं आपण तोंड न उघडता सांगतो. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून बैलाचा भाव ठरवायचे, शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पत्ता लागत नसे. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत रिंगणातल्या गोंगाटात हाताच्या खुणांनी सौदे व्हायचे. ज्यांना ऐकू येतं त्यांनाही खुणांची गरज पडतेच. गोंगाट असला, गुपित असलं किंवा समोरच्याची भाषा येत नसली की हात पुढे येतात.

या शेवटच्या कारणातून जगात एके ठिकाणी आख्खी भाषाच उभी राहिली. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात तिथल्या मूळच्या डझनावारी टोळ्या राहायच्या. एकीची बोली दुसरीला अजिबात कळायची नाही. व्यापार मात्र करायचा, तह करायचे, शिकारीची खबर द्यायची. त्यासाठी हातांची एक सामाईक भाषा तयार झाली, कित्येक पिढ्या चालली, आणि त्या टोळ्यांमधल्या बहिऱ्या माणसांनाही ती आयती मिळाली. १९३० च्या सप्टेंबरमध्ये मोन्टाना राज्यातल्या ब्राउनिंग गावी ह्यू स्कॉट नावाच्या निवृत्त जनरलने वेगवेगळ्या टोळ्यांच्या प्रमुखांना एकत्र बसवून त्या भाषेचं चित्रीकरण करून घेतलं. कारण तोवर इंग्रजी पसरली होती आणि ती भाषा जाणणारे म्हातारे झाले होते. त्यात प्रमुख लोक गोल बसून हातांनी किस्से सांगतात. सांगायचा मुद्दा असा की दोन लोकांमधली कामचलाऊ भाषा पक्की होऊ शकते, पण त्यासाठी दोन्ही बाजूंना तिची गरज वाटावी लागते. तिथे ती सगळ्यांना वाटत होती. आपल्या शहरात ती फक्त एका बाजूला आहे. बहिऱ्या माणसाला रोज पन्नास ऐकणाऱ्यांशी जमवून घ्यावं लागतं. आपल्याला महिन्यातून एकदा, तेही कोथिंबिरीपुरतं.

बरं, त्यांची आपसातली भाषा आली कुठून? कुणी अधिकाऱ्याने बसून बनवलेली नाही. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरात ती भाषा मिळत नाही. ती मिळते शाळेत, आणि गंमत म्हणजे शाळेने ती शिकवलेलीच नसते. १८८० मध्ये इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की बहिऱ्या मुलांना खुणा बंद, तोंडाने बोलायलाच शिकवायचं. पुढची शंभर वर्षं जगभरच्या शाळांवर त्याची सावली राहिली. आपल्याकडे मुंबईत पहिली शाळा त्याच दशकात निघाली, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. नंतर आणखी शाळा निघाल्या, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी माध्यमांच्या. डब्यातले जुने लोक सांगतात, वर्गात हात हलवला की फूटपट्टी बसायची. मग बोलणं व्हायचं ते मधल्या सुट्टीत, संडासाच्या मागे, वसतिगृहात रात्री दिव्याखाली. मोठी मुलं लहानांना द्यायची. एका शाळेच्या खुणा दुसरीपेक्षा थोड्या वेगळ्या. आणि मग नोकरीला लागल्यावर हे सगळे एकाच डब्यात येऊन उभे राहायचे, विरारचा, बोरिवलीचा, दादरचा. गाडीने त्यांच्या बोल्या घासूनपुसून एकत्र केल्या असं मला वाटतं. हे माझं मत आहे, पण एकोणीस वर्षांच्या पासधारकाचं मत आहे.

अभ्यासकांनी मोठ्या पातळीवर तेच बघितलं. मदन वसिष्ठ, मूळचे हिमाचलचे, स्वतः बहिरे, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७० च्या दशकात दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूरच्या खुणांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की शब्दांत फरक असला तरी ही एकाच भाषेची रूपं आहेत. नंतर उलरिके झेशान या जर्मन विदुषींनी कराचीच्या खुणाही तपासल्या आणि भारत-पाकिस्तानची मिळून एकच सांकेतिक भाषा आहे असं लिहिलं. म्हणजे बघा, फाळणीत वाटणी न झालेली ही एक वस्तू.

आणि ही भाषा मराठीची किंवा हिंदीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिला ला-ने-चा-ची नाही. प्रश्नाची खूण शेवटी येते. चेहऱ्याची खूण आणि प्रश्न मिळून होतं 'कोण'. जागा आणि प्रश्न मिळून 'कुठे'. घड्याळ आणि प्रश्न मिळून 'कधी'. बाई म्हणजे नाकातली चमकी, पुरुष म्हणजे मिशी. आमच्या डब्यातल्या गुळगुळीत दाढी करणाऱ्या मुलांनाही मिशीच. भुवया, मान, गाल सगळ्यांना व्याकरणात काम आहे. माणसांना नावंही वेगळी. माझं नाव डावा पाय ओढणे असं आहे, आणि ते चिडवणं नाही, फक्त ओळख आहे, हे पटायला मला वर्ष लागलं. ज्या मित्राबद्दल आता सांगणार आहे त्याच्या भुवईवर जुनी खोक आहे, त्यामुळे त्याचं नाव भुवईला बोट लावणे. इथे त्याला भुवई म्हणतो.

भुवई मीरा रोडला राहतो, गोरेगावला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. बायकोही बहिरी. दोन वर्षांपूर्वी त्याला थकवा यायला लागला, वजन वाढलं. तपासण्या झाल्या, थायरॉईड निघालं. डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो, कारण तोवर डब्यात माझी ख्याती झाली होती की याला खुणा येतात. खरं तर मला पन्नाससाठ खुणा येत होत्या आणि आत्मविश्वास पाचशेंचा होता.

डॉक्टर म्हणाले, गोळी सकाळी अनशापोटी, चहा-नाश्त्याच्या आधी निदान अर्धा तास. मी भुवईकडे वळलो. तोंडाशी हात नेला, नाश्ता. मग हात खांद्यावरून मागे, माझ्या मते 'आधी'. मग मनगटावर घड्याळ, बोटाने अर्धं. मग गोळी. त्याने अंगठा वर केला. डॉक्टरही खूश, "वा, तुम्हाला छान येतं हो."

दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. हवा तेवढा फरक नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या तपासणीतही गाडं तिथेच. भुवई चिडचिडा झालेला, कामावर हात कापून घेता घेता वाचला. एक दिवस डब्यात मी हा किस्सा वसईच्या एका वयस्कर बहिऱ्या काकांना सांगत होतो, की मी कसं समजावून सांगितलं होतं. काकांनी माझा हात मध्येच धरला आणि भुवईला विचारलं, तू गोळी कधी घेतोस? नाश्ता झाला की अर्ध्या तासाने.

त्यांच्या भाषेत खांद्यावरून मागे टाकलेली गोष्ट म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. मी त्याला सांगितलं होतं: नाश्ता झाला, अर्धा तास गेला, गोळी घे. इतकं स्वच्छ सांगितलं होतं की गैरसमजाला जागाच नव्हती. काकांनी मला लहान मुलासारखं शिकवलं. आधी गोळी दाखव. मग घड्याळ. मग खाणं. जसं घडतं तशा क्रमाने सांग, बस.

चार महिने गेले होते. भुवईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरा प्रसंग त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशनला मी गावाला गेलेलो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण ऑपरेशन त्यांनी नीट केलं आणि हे दुसरीकडेही असंच झालं असतं. सगळ्या जगात जी खूण सगळ्यांना कळते ती म्हणजे तळहातावर बोटाने लिहिणं, सही कर. भुवईला संमतीपत्रावर कुठे सही करायची हे दाखवलं गेलं. काय लिहिलंय ते कुणी दाखवलं नाही. दुर्बिणीने ऑपरेशन होणार, तीन छोटी भोकं, एवढं त्याला शेजाऱ्याच्या बायकोकडे बघून माहीत होतं. प्रत्यक्षात आत चिकटलेलं निघालं, पोट उघडावं लागलं, आणि वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा भली मोठी जखम. नर्सने टाके दाखवून 'सगळं छान' असा अंगठा केला. गेला महिना, दीड महिना, भुवई कामावर गप्प. आणि डब्यात कुजबुज, म्हणजे छातीजवळ लहान लहान हात: किडनी काढली. विकली.

हसू नका. तुम्हाला सांगितलं तीन भोकं, उठलात तेव्हा वीतभर टाके, आणि कुणी काहीच समजेल असं बोलत नाही. तुम्ही काय समजला असता? भुवई पोलिसांत जायला निघाला होता. तिथे जाऊनही काय सांगणार होता, कुठल्या भाषेत?

ते सोडवलं एका चौदा वर्षांच्या मुलीने. तिचे आईबाप दोघं बहिरे, तिला ऐकू येतं. शाळेच्या गणवेशात, दप्तर मांडीवर, तिने डिस्चार्ज कार्ड वाचलं, दोन शब्द अडले ते मला विचारले, आणि बोरिवलीपासून दहिसरपर्यंत भुवई-वहिनींना सगळं समजावलं. पित्ताची पिशवी कशी चिकटली होती, दुर्बिणीने का जमलं नाही, किडन्या दोन्ही आहेत, सोनोग्राफीत दिसतायत. वहिनींनी पोटावर हात ठेवला आणि रडल्या. मुलीने विचारलं, "काका, अजून काही आहे का? माझी परीक्षा आहे उद्या."

या पोरीने आतापर्यंत आईबापांसाठी बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, घराच्या ॲग्रीमेंटला दुभाष्याचं काम केलंय. आणि एकदा आईच्या बाळंतपणात, डॉक्टरांनी जे विचारलं ते तिने आईला विचारलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आपण म्हणतो ना, इशाऱ्याने सगळं होतं? ते असं होतं. कुठल्यातरी घरातलं एक लेकरू मधे उभं असतं.

आता यावर दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, लिहून दाखवा की. मराठी आपण ऐकून शिकलो आणि मग वाचायला लागलो. ज्याने मराठी कधी ऐकलीच नाही, आणि ज्याची शालेय वर्षं ओठ हलवायला शिकण्यात गेली, त्याला 'उपरोक्त शस्त्रक्रियेतील संभाव्य गुंतागुंत' लिहून दाखवून काय होणार? मलाही ते दोनदा वाचावं लागतं. भुवई कामाचे मेसेज करतो, पण कागदावरची मराठी त्याला परकीच आहे. दुसरं, आता मोबाईल आहेत. आहेतच, आणि व्हिडिओ कॉलने बहिऱ्या माणसांचं आयुष्य बदललं, डब्यात निम्मे जण आता कॉलवरच असतात. पण कॉलच्या पलीकडे त्यांची भाषा येणारं आणि ऐकू येणारं माणूस लागतं. ते नाही, ही तर अडचण आहे.

कायद्याचं म्हणाल तर कागद पुरेसे आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे. २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली, २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले. त्याच वर्षी मुक्त शाळेत हा विषय घेता यायला लागला. आपल्या जवळचं सांगायचं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, तिथे दुभाषे घडवणारा अभ्यासक्रम चालतो. लोकलने भाईंदरहून तासाभराचं अंतर. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकील सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यापुढे दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयात होतं, तर आमच्या वॉर्डात जन्माचा दाखला काढताना का होऊ नये?

महापालिकांनी उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असा राज्याचा दंडक आहे. तो बहुतेक ठिकाणी जातो कशात, तर वस्तू वाटपात, कारण वाटपाचा फोटो निघतो. मलाही एकदा अशीच कुबडी मिळाली होती, मला कुबडी लागत नाही. दुभाष्याचा फोटो काय काढणार? दोन माणसं हात हलवतायत. एका दाखल्याच्या रांगेतली गोष्ट सांगतो, कार्यालय कुठलं ते सोडा. बहिरेपणाच्या प्रमाणपत्राची रांग, आणि शिपाई दारातून नंबर ओरडून पुकारत होता. नंबर निघून गेला म्हणून दोघांना परत यायला सांगितलं. मी भांडलो तेव्हा शिपाई म्हणाला, "ऐकत नाहीत हो हे लोक."

आता भाषेचा विषय काढलाच आहे तर मनातलं बोलतो, मग कुणाला राग येवो. २०२५ च्या जून-जुलैत मराठी न बोलण्यावरून आपल्या मीरा रोडला मारहाण झाली, व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग ८ जुलैला मराठी माणसांचा निघाला. त्या दुसऱ्या मोर्चात मीही होतो, माझा पाय जेवढं चालू देतो तेवढा. मारहाण मला मान्य नाही, पण या शहरात कारभार मराठीत व्हावा, माझ्या आईला रुग्णालयात तिच्या भाषेत कुणी बोलावं, हा आग्रह मला आजही मान्य आहे. दुसऱ्या दिवशी डब्यात भुवईने विचारलं, काय झालं होतं, एवढी गर्दी कसली? मी सांगायला लागलो. हे तोंड असं बोलतं, ते तोंड तसं बोलतं, त्यावरून भांडण. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, मला सगळी तोंडं सारखीच दिसतात. आणि मग, हसत नव्हता तेव्हा, त्याने विचारलं: माझ्या भाषेसाठी मोर्चा कधी?

मी विषय बदलला. दुसरं काय करणार होतो. पण आईबद्दलचा माझा जो आग्रह आहे, तो शब्दशः वहिनींबद्दल लागू पडतो, यातून मला पळवाट सापडलेली नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, आता कितीतरी वाढली असेल. त्याच जनगणनेत देशात ऐकू न येणाऱ्यांची नोंद पन्नास लाखांवर आहे. त्यातले काही आपल्या इमारतीत राहतात. तुमच्या सोसायटीत एक घर असेलच, जिथे बेल वाजवली की दिवा लागतो.

आम्ही डब्यातल्या काही जणांनी मिळून महापालिका आयुक्तांच्या नावे एक अर्ज लिहिलाय. मागणं मोठं नाही. महापालिकेच्या रुग्णालयात आणि मुख्य कार्यालयात आठवड्यातले दोन दिवस, ठरलेल्या वेळी, एक प्रशिक्षित दुभाषी. दिवस आणि वेळ बाहेर बोर्डावर, म्हणजे लोक त्या दिवशी येतील. बाकीच्या दिवशी एका टॅबवर व्हिडिओ कॉलची सोय. ऑपरेशनच्या संमतीपत्राला तर दुभाष्याशिवाय सही घेऊच नये. रांगेतला नंबर ओरडायच्या जोडीला पाटीवर दिसावा, याला तर निधीही लागत नाही, खडू लागतो. पोलीस आयुक्तालयाकडे वेगळा अर्ज देणार आहोत, तो अजून लिहून व्हायचाय. आणि बोर्डावर 'मूकबधिर' लिहू नये असं डब्यातल्यांनी आवर्जून घालायला लावलं. मुके कोण म्हणतं, असं विचारत होते, आणि त्या डब्यातला गोंगाट बघितला असता तर तुम्हीही विचारलं असतं.

एका वाक्यावर आमच्यात वाद झाला. मी लिहिलं होतं, 'कर्मचाऱ्यांना प्राथमिक खुणा शिकवाव्यात.' वसईच्या काकांनी ते खोडलं. म्हणाले, पन्नास खुणा शिकलेला माणूस सगळ्यात धोक्याचा. आणि माझ्याकडे बघितलं. शेवटी ठरलं की शिकवाव्यात, पण नमस्कार, बसा, थांबा, दुभाषी येतोय एवढ्याच. औषधाचं कुणी सांगू नये.

अर्जावर सध्या एकसष्ट सह्या आहेत, त्यातल्या चव्वेचाळीस बहिऱ्यांच्या. प्रत्येक सहीआधी त्या चौदा वर्षांच्या मुलीने अर्ज खुणांनी वाचून दाखवला, या वेळी परीक्षा संपल्यावर. ऐकणाऱ्यांच्या सह्या कमी पडतायत. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी जेसल पार्क चौपाटीवर बसतोय, निळा शर्ट, डावा पाय आखडलेला, लगेच ओळखाल. भुवईही असेल. त्याची थायरॉईडची गोळी आता सकाळी सहाला असते, त्यामुळे दहापर्यंत त्याचा नाश्ता झालेला असतो, मूड चांगला असतो.